पोच येईपर्यंत

१८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाचे एक अवाढव्य जहाज मुंबईच्या बंदरात येऊन उभे राहिले. त्याच्या पोटात समुद्राच्या तळाशी अंथरायची शेकडो कोस लांबीची तार वेटोळे करून ठेवलेली होती. मुंबईपासून एडनपर्यंत ती तार पसरली गेली, पुढे ती तांबड्या समुद्रातून सुएझला जोडली गेली, आणि त्याच वर्षी मुंबई व लंडन ही दोन शहरे समुद्राच्या पोटातून एकमेकांशी बोलू लागली. ज्या बातमीला बोटीने यायला आठवडे लागत, ती आता काही मिनिटांत येऊ लागली. लोकांनी म्हटले, अंतर मेले. वेगाच्या प्रत्येक नव्या साधनाच्या वेळी लोक हेच म्हणत आले आहेत. आणि अंतर मात्र दर वेळी आपला वाटा वसूल करण्यासाठी नवी वाट शोधून काढत आले आहे. ती वाट कोणती, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम ‘वेग’ हा शब्द जरा सोडवून पाहू. निरोपाच्या बाबतीत ह्या एकाच शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिले अक्षर निघाल्यापासून पलीकडे पोहोचेपर्यंत किती वेळ जातो, ही एक. आणि एकदा अक्षरे येऊ लागली की दर सेकंदाला ती किती येतात, ही दुसरी. १८५८ साली अटलांटिक महासागरातून जी पहिली तार टाकली गेली, तिच्यावरून राणी व्हिक्टोरियाचा सुमारे १०० शब्दांचा संदेश अमेरिकेला पोहोचायला जवळजवळ १६ तास लागले. त्या दिरंगाईला अंतराचा दोष फारसा नव्हता. तार कच्ची होती; एकामागून एक घाईने पाठवलेली अक्षरे तिच्यात एकमेकांत मिसळून जात, म्हणून तारमास्तराला एकेक अक्षर थांबून थांबून पाठवावे लागे. थोडक्यात, मार्ग अरुंद होता. तेव्हापासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षे जगातल्या यंत्रज्ञांनी एकच ध्यास घेतला: मार्ग रुंद करायचा. तांब्याच्या जागी काचेचे तंतू आले, विजेच्या जागी प्रकाश आला, आणि पूर्वी एका शहराला न मिळणारी रुंदी आता एकेका घरात येऊन पोहोचली.

आणि इथेच एक चमत्कारिक कोडे उभे राहिले. घरात सेकंदाला १०० मेगाबिटांची, म्हणजे १० कोटी बिटांची जोडणी घ्यावी, गावातल्याच एखाद्या यंत्रावरून काही उतरवून घेतले तर ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच यावे. पण तीच वस्तू अमेरिकेतल्या यंत्रावरून मागवली की ती मुंगीच्या पावलांनी यावी. रस्ता तोच, घर तेच, पैसेही तेवढेच मोजलेले. मग वाटेत वेग नेतो कोण? जोडणी विकणाऱ्याला फोन करून खडसवले, तर तो आपल्या बाजूची रुंदी मोजून दाखवी आणि ती बरोबर भरे. पुष्कळांनी ह्यावर उपाय म्हणून आणखी रुंद जोडणी विकत घेतली. वेग होता तेवढाच राहिला.

ह्या कोड्याची मुळे १९६९ सालात आहेत. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या यंत्राला पहिला निरोप गेला आणि आरपानेट नावाचे जाळे सुरू झाले. त्याचे मार्ग सेकंदाला ५० हजार बिटांचे होते. त्या काळी हे वैभवच. जाळ्याचा एक नियम मात्र फार सावध होता. एका संभाषणात एक निरोप पाठवला, की तो पलीकडे पोहोचल्याची आणि ‘पुढचा पाठवा’ अशी पोच परत येईपर्यंत दुसरा निरोप सोडायचा नाही. निरोपाची लांबी सुमारे ८ हजार बिटांपर्यंत. यंत्रे जवळ होती तोवर हा नियम कुणाला जाचला नाही. परंतु १९७२ च्या अखेरीस हे जाळे उपग्रहाच्या द्वारे हवाई बेटांपर्यंत गेले आणि १९७३ साली नॉर्वेपर्यंत. असा उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. तेथपर्यंत वर जायचे, खाली यायचे, आणि पोचेने पुन्हा तोच प्रवास करायचा, ह्यात अर्धा सेकंद सहज जातो. अर्ध्या सेकंदाला एक निरोप म्हणजे सेकंदाला १६ हजार बिट. पन्नास हजारांच्या मार्गाचा एक-तृतीयांश भागदेखील एका संभाषणाच्या वाट्याला यायचा नाही. उरलेला वेळ मार्ग रिकामा, आणि पाठवणारा पोचेची वाट पाहत हात जोडून बसलेला.

ह्यावर तोड निघाली ती फ्रान्स आणि अमेरिका ह्यांच्या विचारविनिमयातून. फ्रान्समध्ये लुई पूझँ ह्यांच्या नेतृत्वाखाली सिक्लाद नावाचे जाळे उभे राहत होते. तिथले जेरार ल लान हे १९७३ साली स्टॅनफर्डला व्हिंट सर्फ ह्यांच्याबरोबर काम करायला आले. सर्फ आणि रॉबर्ट कान ह्यांनी मे १९७४ मध्ये जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यातून पुढे टीसीपी हा नियमसंच घडला. आजही आपण पानेच्या पाने, चित्रे, कागदपत्रे मागवतो ती बव्हंशी ह्याच नियमांच्या आधारे. त्यात ‘सरकती खिडकी’ ही कल्पना होती. पोच न येता एकच निरोप पाठवायचा, हा जुना कंजूषपणा सोडायचा. पोच यायच्या आत अमुक इतक्या बाइटांपर्यंत खुशाल पाठवत राहायचे. जसजशी मागल्यांची पोच येईल तसतशी खिडकी पुढे सरकेल. पोचेविना वाटेवर असू शकणाऱ्या मालाची ही मर्यादा म्हणजेच खिडकी.

दिवाळीच्या दिवसांत ही गोष्ट समजावून घ्यायला यंत्राची गरज नाही; फराळाचे डबे पुरेत. समजा, पुण्यातल्या एका माउलीकडे फराळ पाठवायला चारच डबे आहेत. एक लेक शेजारच्या वाड्यात दिलेली आणि दुसरी नागपूरला. शेजारच्या लेकीकडे गेलेला डबा तासाभरात परत येतो. म्हणजे ताशी चार डबे फराळ तिच्याकडे जाऊ शकतो. नागपूरला गेलेला डबा परत हाती यायला चार दिवस लागतात. म्हणजे चार दिवसांत चार डबे, दिवसाला एक. आता सरकारने पुणे-नागपूर रस्ता दुपटीने रुंद केला, तर नागपूरच्या लेकीला जास्त चकल्या मिळतील काय? मुळीच नाही. माउली स्वयंपाकघरात बसून आहे, परातीत करंज्या तयार आहेत, रस्ता मोकळा पडला आहे. अडले आहे ते रिकाम्या डब्यावाचून. फराळ वाढवायचा तर दोनच मार्ग: डबे वाढवा, नाहीतर लेकीला जवळ आणा.

हा सगळा हिशेब एका भागाकारात मावतो. खिडकीचे आकारमान भागिले जाऊन-येऊन लागणारा वेळ, बरोबर वेगाची कमाल मर्यादा. रस्त्याची रुंदी ह्या भागाकारात कुठेच नाही. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, त्यात चिमूटभर साखर तरी घालतात. तशी टीसीपीची पोचही रिकामी येत नाही. ‘माझ्याकडे आता आणखी इतकी जागा आहे’ हा आकडा घेणारे यंत्र तिच्यात घालून पाठवते. खिडकी ठरवण्याचा पहिला मान घेणाराचा. देणाऱ्याने त्याच्या घरात मावेल तेवढेच पाठवावे, हा त्यातला विवेक.

१९८१ च्या सप्टेंबरात ह्या नियमांना पक्के रूप मिळाले आणि १ जानेवारी १९८३ रोजी संपूर्ण आरपानेट त्यांवर आले. पोचेतला तो जागेचा आकडा लिहायला १६ बिटांची जागा ठेवलेली होती. सोळा बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे ६५,५३५. म्हणून पोचेविना वाटेवर असू शकणारा माल ६५,५३५ बाइटांपेक्षा अधिक होणे नाही. हा आकडा निवडणाऱ्यांनी हात आखडला होता, असे मात्र म्हणता येणार नाही. त्या काळच्या ५६ हजार बिटांच्या मार्गावर एवढा माल चढवायलाच नऊ सेकंदांहून अधिक वेळ लागे. आणि नऊ सेकंदांत तर पोच उपग्रहावरून अनेकदा जाऊन-येऊन मोकळी झाली असती. चार माणसांच्या घरात चाळीस पाट करून ठेवावेत, तसला तो उदारपणा होता. पुढे त्या घरात हजारांची पंगत बसणार आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात असणार?

परंतु हजारांच्या पंगतीआधी एक निराळेच संकट आले. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ ह्यांमधला वेग एकाएकी कोसळला. ह्या दोन जागांत अंतर होते ४०० यार्ड, म्हणजे हाकेच्या अंतराहून थोडे अधिक. जिथे सेकंदाला ३२ हजार बिट जात, तिथे ४० बिट जाऊ लागले. माणसाने कागदावर लिहून चालत नेऊन दिले असते, तरी लवकर पोहोचले असते! अशा कोंडमाऱ्याचा इशारा जॉन नेगल ह्यांनी १९८४ सालीच देऊन ठेवला होता. घडत होते ते असे: घेणाऱ्याच्या घरी जागा आहे एवढे पाहून प्रत्येक यंत्र आपली सारी खिडकी एकदम रस्त्यावर ओती. पण घेणाऱ्याच्या घरात जागा असली, म्हणून वाटेवरच्या बोळात असते असे नाही. बोळ तुंबे, पाकिटे हरवत, पोच वेळेवर येत नसे. मग यंत्रे घाबरून तीच पाकिटे पुन्हा पाठवीत आणि बोळ अधिकच तुंबे. सगळे धावत होते आणि कुणीच पुढे सरकत नव्हते.

लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि बर्कले विद्यापीठातले माइक कॅरल्स ह्यांनी ह्या अनर्थाचा माग काढला, आणि जेकबसन ह्यांचा त्यावरील निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा उपाय शेतकऱ्यालाही पटावा इतका साधा आहे. पाठवणाऱ्याने घेणाऱ्याच्या खिडकीखेरीज स्वतःचीही एक खिडकी बाळगावी. आरंभ थोडक्याने करावा. पोच आली की दुप्पट, पुन्हा आली की त्याच्याही दुप्पट. एखादे पाकीट हरवले की वाट तुंबली असे समजून हात आवरावा, आणि मग पुन्हा हळूहळू वाढत जावे. दोन खिडक्यांपैकी जी लहान असेल, तिचे ऐकावे. जाळ्यावर कुणी पोलीस नेमला नाही की कर बसवला नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी पाळायच्या ह्या संयमावर सार्वजनिक रस्ता वाचला. अर्थात, संयमालाही मोल असते, आणि ते अंतराच्या प्रमाणात द्यावे लागते. कारण प्रत्येक दुप्पट होण्यासाठी एक फेरी पुरी व्हावी लागते. शेजाऱ्याची फेरी क्षणात होते आणि दूरच्याची रेंगाळते. म्हणून लहानशी वस्तूदेखील दूरवरून मागवली की उशिराने येते.

इकडे रस्ते रुंद होतच होते. ज्या मार्गाची रुंदीही मोठी आणि लांबीही मोठी, त्याला जेकबसन आणि बॉब ब्रेडन ह्यांनी १९८८ च्या एका टिपणात ‘लांब-लठ्ठ जाळे’ म्हटले. आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार हत्तीच्या इंग्रजी नावासारखा करावा, असेही गमतीने लिहून ठेवले. हत्ती दारात झुलत होता आणि त्याला चारा मात्र ६५,५३५ बाइटांच्या टोपलीतून घातला जात होता. मे १९९२ मध्ये जेकबसन, ब्रेडन आणि डेव्हिड बोरमन ह्यांनी ह्यावरची युक्ती पक्क्या रूपात मांडली. सोळा बिटांची जागा तर वाढवता येत नव्हती. ती वाढवावी तर जगातली सारी यंत्रे एका दिवसात बदलावी लागली असती. म्हणून त्यांनी असे ठरवले की संभाषणाच्या आरंभी, नमस्कार-चमत्काराच्या वेळीच, दोन्ही यंत्रांनी एक पट सांगून ठेवावी. पुढे पोचेत येणारा आकडा तेवढ्या पटीने मोठा समजावा. जुन्या सावकाराच्या वहीत ‘आकडे हजारांत’ असे वर एकदा लिहिले की खाली नुसते पाच लिहिले तरी पाच हजार समजतात, तसेच हे. जास्तीत जास्त पट १६,३८४. म्हणजे खिडकी जवळजवळ एक अब्ज बाइटांपर्यंत उघडू शकते.

कायदा झाला म्हणजे घरोघरी अंमल होतो असे नाही. आणि ह्या इतिहासातला आपल्या घरापर्यंत पोहोचणारा भाग इथूनच सुरू होतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह काही शहरांत सामान्य नागरिकांना इंटरनेट खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून, किरकिर-कुरकुर आवाज करणाऱ्या मोडेममधून ते घरी येई. तेव्हा रस्ताच इतका अरुंद होता की खिडकी लहान की मोठी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. ८-९ हजार बाइटांची खिडकीसुद्धा त्या रस्त्याला पुरून उरे. २००५ सालापासून सरकारी कंपन्यांनी ब्रॉडबँड देण्यास आरंभ केला, खाजगी कंपन्याही होत्याच, आणि रस्ते रुंद झाले. परंतु घरोघरच्या संगणकांत तेव्हा विंडोज एक्सपी होती. तिचे नाव खिडक्यांवरून असले, तरी आपल्या ह्या खिडकीशी त्या नावाचा काही संबंध नाही. तिच्यात ही खिडकी साधारणतः १७,५२० बाइटांचीच ठेवलेली असे.

आता भागाकार करून पाहा. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे अगदी सरळ रेषेत तंतू टाकला, तरी जाण्यायेण्याला एक-अष्टमांश सेकंद हवाच. तंतू समुद्रातून वळसे घेत जातात, म्हणून प्रत्यक्षात सुमारे एक-पंचमांश सेकंद धरू. १७,५२० बाइट भागिले एक-पंचमांश, म्हणजे सेकंदाला ८७,६०० बाइट. बिटांत सांगायचे तर सात-दशांश मेगाबिट. खिडकी पुरी ६५,५३५ ची उघडली तरी २.६ मेगाबिट. हेच मुंबई-पुण्याच्या फेरीला पाच-सहस्रांश सेकंद लागतो असे धरले, तर तीच ६५,५३५ ची खिडकी शंभर मेगाबिटांहून अधिक वेग देते. ज्याला बोस्टनहून न्यूयॉर्कचे काही मागवायचे होते, त्याला खिडकी कधी दिसलीच नाही. मुंबईच्या विद्यार्थ्याला मात्र अमेरिकेतल्या विद्यापीठातला ग्रंथ उतरवून घेताना ती दर सेकंदाला नडत होती. नियम सर्वांना सारखाच होता. पण दूरच्या माणसाला तो महाग पडत होता. सारख्या नियमाचा असा विषम भार पडतो, तेव्हा त्यात कुणाचा दुष्टावा शोधून सापडत नाही. आणि म्हणूनच तो दूर व्हायला फार काळ लागतो.

३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन मोठ्या केबली तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची पुष्कळशी वाहतूक पूर्वेकडून, पॅसिफिकच्या वळशाने पाठवावी लागली. वाहतूक दाटली हे तर झालेच. पण ज्याला वाट मोकळी मिळाली, त्याचीही फेरी लांबली, आणि फेरी लांबली की भागाकाराने वेग आपोआप उतरतो.

हे डबे वाढवण्याचे काम अखेरीस यंत्रांवरच सोपवले गेले. १९९८ साली पिट्सबर्गच्या महासंगणक केंद्रातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की खिडकी किती उघडायची हे माणसाने बसून ठरवण्याचे कारण नाही. फेरीला लागणारा वेळ आणि येणारा माल पाहून यंत्र ते स्वतःच ठरवू शकते. लिनक्सने ही रीत आधी उचलली. आणि २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा ती सामान्य घरांतही शिरली. दुसरीकडे ‘लेकीला जवळ आणण्याचा’ उपायही झाला. १९९८ साली स्थापन झालेल्या अकामाईसारख्या कंपन्यांनी लोकप्रिय मालाच्या प्रती गावोगावच्या यंत्रांत ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे २००३ साली देशी वाहतूक देशातच फिरावी म्हणून राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्र स्थापन झाले. त्याआधी एका भारतीय कंपनीच्या ग्राहकाचा निरोप दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाकडे जाताना परदेशाची वारी करून येण्याचा संभव असे. आज आपण घरी बसून जो चित्रपट न अडखळता पाहतो, तो बहुधा सातासमुद्रापलीकडून येत नसतो. आपल्याच देशातल्या, पुष्कळदा आपल्याच शहरातल्या यंत्रातून येत असतो. अंतर जिंकले असे वाटते, तिथे खरे म्हणजे ते टाळलेले असते.

पाठवणाऱ्याच्या संयमाचा प्रश्नही अजून मिटलेला नाही. पाकीट हरवले म्हणजे वाट तुंबली, ही १९८८ ची समजूत बिनतारी जोडण्यांवर चुकते. तिथे पाकीट नुसत्या खराब हवेतही हरवते. म्हणून २०१६ साली गूगलमधल्या एका गटाने निराळी रीत मांडली: हरवण्याची वाट न पाहता, वाटेची रुंदी आणि फेरीचा वेळ सतत मोजत राहावे आणि मावेल तेवढाच माल वाटेवर ठेवावा. त्या गटात व्हॅन जेकबसनही होते. १९८६ च्या त्या चारशे यार्डांच्या कोंडमाऱ्यानंतर तीस वर्षांनीही तो मनुष्य त्याच प्रश्नाशी झुंजत होता.

हा प्रश्न तसा साधा आहे, आणि संसारात तो आपणही रोज सोडवीत असतो: समोरच्याकडून उत्तर यायच्या आत आपण त्याच्या भरवशावर किती पुढे जावे? फार थोडे गेलो, तर सारा वेळ वाट पाहण्यात जातो. फार गेलो, तर सगळ्यांचीच वाट बंद होते. माणसे जेवढी दूर, तेवढा हा भरवसा मोठा लागतो. शंभर मेगाबिटांच्या मार्गावर न्यूयॉर्क आणि मुंबई ह्यांना अखंड बोलायचे असेल, तर कोणत्याही क्षणी २५ लाख बाइट, म्हणजे त्या जुन्या खिडकीच्या जवळजवळ अडतीसपट माल, समुद्राच्या तळाशी पोचेविना प्रवासात असावा लागतो. प्रकाश आपली चाल बदलणार नाही आणि पृथ्वीही लहान होणार नाही. वाढवता येईल तो एवढाच भरवसा. आणि तो वाढवायला ह्या मंडळींना ६५,५३५ पासून निघून दोन तपांहून अधिक काळ लागला.